ऑल्वेन प्रॉसरच्या तळघरातलं टेबल

लिओ माटुलेविचला तळघराची भीती वाटायची, आणि पोटासाठी त्याला रोज तळघरातच उतरावं लागायचं. आमच्या केलर्स गॅप या खाणगावात ज्याच्या घरी पूल टेबल असे, ते खालीच असे. पाटीच्या दगडाचे तीन जाड तुकडे, वर हिरवं कापड, कडेला रबर लावलेल्या लाकडी पट्ट्या. एवढं धूड वरच्या खोल्यांत मावणार कुठे? टेबल बिघडलं की लोक लिओला फोन करत. हातात पेटी घेऊन तो यायचा, तळघराच्या दारात थबकायचा, वरच्या दिव्याचं बटण दोनदा दाबून बघायचा आणि मगच पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा.

त्याचे वडील कोळशाच्या खाणीत छत कोसळून गेले तेव्हा लिओ नऊ वर्षांचा होता. त्यांना तीन दिवसांनी वर काढलं. नंतर खाणी बंद पडल्या, पण गाव पोखरलेल्या जमिनीवरच उभं राहिलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे. लिओच्या भीतीवर मात्र सगळे बोलायचे. "काय रे लिओ, आज बिळात जाणार की बिळाबाहेरूनच दुरुस्ती?" असं दारूच्या गुत्त्यात कोणीतरी विचारायचं. तो हसायचा. मी पंधरा वर्षं त्याचा शेजारी होतो. त्या हसण्यात हसू कमीच असायचं.

सत्त्याऐंशी सालच्या मार्चमध्ये ऑल्वेन प्रॉसरने त्याला बोलावलं. ऑल्वेनबाई एकोणऐंशीच्या. नवरा ग्रिफ जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि ते टेबल त्याचं होतं असं लोक समजत. खरं म्हणजे ग्रिफ त्या टेबलावर बायकोकडून चाळीस वर्षं हरत आला होता. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. तरी रोज दुपारी त्या कठड्याला धरून, अंग तिरकं करून, तेरा पायऱ्या उतरायच्या आणि तासभर एकट्या खेळायच्या.

"माझा हात चुकत नाहीये, लिओ. टेबल चुकतंय," त्या म्हणाल्या. "कडेवर मारलेला बॉल भलतीकडेच जातो."

लिओने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला. मागच्या भिंतीकडच्या लांब बाजूला दोन पट्ट्या असतात, त्या एका रेषेत नव्हत्या. दोन सूत, म्हणजे पाव इंचाचा फरक. त्याने टेबलाखाली आडवं होऊन बोल्ट सैल केले, पट्ट्या दोऱ्याला लावल्या, एकेक बोल्ट थोडाथोडा आवळत आणला. सपाटी बघायला पाणसळ ठेवून पाहिली. नळीतला बुडबुडा मधोमध, म्हणजे टेबल सपाट. बाईंनी त्याला पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायला घातल्या आणि तो घरी आला.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "तू काय थुंकीने चिकटवलंस की काय?"

लिओला लाज वाटली. तीस वर्षांत त्याचं काम कोणी परत केलं नव्हतं. बोल्टचे आटे झिजले असतील म्हणून त्याने सगळे बोल्ट नवे घातले. दगडाच्या दोन तुकड्यांमधला सांधा उघडला होता, तो मेण ओतून भरला. मागचा एक पाय खाली गेल्यासारखा वाटला, त्याखाली पातळ पत्रा सरकवला. सिमेंटच्या जमिनीवर त्या पायाजवळ एक केसाएवढी चीर होती. जुन्या घरात चिरा असतातच, असं त्याने स्वतःला सांगितलं.

एप्रिलच्या अखेरीस बाईंनी तिसऱ्यांदा बोलावलं. या वेळी त्या खुर्ची घेऊन खालीच बसल्या. "बघतेच आज तू काय करतोस ते."

लिओने दोरा ताणला. पुन्हा दीड सूत. घाम पुसत त्याने सगळं नव्याने केलं आणि शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाईंनी थर्मासमधली कॉफी ओतून दिली. दोघं ग्रिफबद्दल बोलत बसले. अर्ध्या तासाने लिओने सहज मधोमध एक बॉल ठेवला आणि हात काढला.

बॉल क्षणभर थांबला. मग हळूच, कोणी बोलावल्यासारखा, मागच्या कोपऱ्याकडे निघाला.

त्याने तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तसाच गेला. अर्ध्या तासापूर्वी हे टेबल सपाट होतं. लिओने पाणसळ ठेवली आणि वाकून पाहू लागला. बुडबुडा मधल्या खुणेपासून थोडा बाजूला होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो आणखी केसभर सरकला.

"तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला," तो मला नंतर म्हणाला. "इतके दिवस मी टेबल दुरुस्त करत होतो. टेबलाला काही झालंच नव्हतं रे."

तो मागच्या पायापाशी गेला. ती केसाएवढी चीर आता अशी होती की तिच्यात बोट गेलं असतं. आतून गार, ओलसर हवा येत होती. तो वास त्याला ओळखीचा होता. लहानपणी वडिलांच्या कपड्यांना यायचा तोच.

"ऑल्वेनबाई, उठा. वर चला."

"का? झालं वाटतं?"

"जमीन खचतेय. उठा!"

"अरे, हे घर माझ्या सासऱ्याने बांधलंय. तुझी भीती गावाला माहितीये, उगाच मला..."

तेवढ्यात भिंतीच्या दगडांमधून वाळू गळायला लागली. पाटीवर खडू घासावा तसा तो आवाज. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, पुढचं वाक्य गिळलं आणि हात पुढे केला.

तेरा पायऱ्या. बाई एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, श्वास घेत, मग पुढची. जिना अरुंद, त्यांना उचलून न्यायला जागा नव्हती. लिओ पुढे होता, उलटा चढत त्यांचे दोन्ही हात ओढत होता. सहाव्या पायरीवर खाली बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला, दिवा गदगदा हलला आणि विझला.

इथे लिओ नेहमी थांबायचा. ही गोष्ट त्याने मला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा इथेच थांबला.

त्याने बाईंचे हात सोडले. वळला आणि पळाला. उरलेल्या पायऱ्या कशा चढला ते त्याला कळलं नाही. स्वयंपाकघरात ऊन पडलं होतं, ओट्याजवळ धुतलेल्या बशा वाळत होत्या, अंगणाचं दार उघडं होतं. तो त्या दारापर्यंत गेला. एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

"तिने हाक मारली असती तर बरं झालं असतं," तो म्हणायचा. "शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण खालून काही आवाजच आला नाही. फक्त ती वाळू."

मग तो परत गेला. अंधारात पायऱ्या चाचपत उतरला. बाई कठड्याला घट्ट धरून आठव्या पायरीवर उभ्या होत्या. मधल्या दोन त्या एकट्या चढल्या होत्या. लिओने त्यांच्या खाली जाऊन खांदा लावला आणि ढकलत ढकलत त्यांना वर आणलं. पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीला बाई "थांब" म्हणायच्या आणि तो थांबायचा.

शेजारच्या घरातून त्यांनी आगीच्या बंबवाल्यांना फोन केला. त्यांनी रांगेतली सहा घरं रिकामी केली. लोक कुरकुरत बाहेर आले. "लिओने पाणसळ बघितली म्हणून आम्ही रस्त्यावर?" असं एक जण म्हणालाही. साडेचारला प्रॉसरांच्या मागच्या बाजूला जमीन बसली. आधी मागच्या दाराबाहेरचा ओटा गेला, मग भिंत, मग तळघराची अर्धी जमीन. मी रस्त्यापलीकडे उभा होतो. खालून खूप खोलवर दगड आपटल्याचा आवाज आला आणि लोकांच्या लक्षात आलं की तो टेबलाचा होता.

कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. गावाने लिओला डोक्यावर घेतलं. गुत्त्यात कोणी त्याला पैसे देऊ देईना, म्हणून त्याने तिथे जाणंच सोडलं. तळघरातली कामंही सोडली. चार महिने तो हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे विकत होता. आमच्या पडवीतही तो भिंतीला टेकून बसायचा नाही.

ऑल्वेनबाई नणंदेकडे राहायला गेल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी निरोप पाठवला. लिओ गेला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. "मी तुम्हाला सोडून पळालो होतो."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "मी तिथेच होते की."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? परत आलास तेही सांगावं लागलं असतं, आणि मग लोकांनी तुला आणखी डोक्यावर बसवलं असतं." त्यांनी त्याला बसायची खूण केली. "मी का ओरडले नाही, विचार ना. आवाजच फुटेना. मलाही भीती वाटत होती, गाढवा. अजून वाटते. झोपताना जमिनीवर हात ठेवून बघते."

लिओ खाली बसला आणि रडला. बाईंनी त्याला रडू दिलं, मग म्हणाल्या, "चर्चच्या हॉलमध्ये एक टेबल आलंय. कडा अगदी वाकड्या आहेत. हॉल तळमजल्यावर आहे, खाली काही नाही. मला शनिवारी खेळायचंय."

त्याने शुक्रवारी दोरा ताणला. हळूहळू तळघरातली कामंही पुन्हा घेऊ लागला, पण आता तो टेबलाआधी जमिनीवर पाणसळ ठेवायचा आणि ती तशीच सोडून अर्धा तास वर अंगणात जाऊन उभा राहायचा. गिऱ्हाइकं वाट बघायची. कोणी हसत नसे. परत खाली उतरण्याआधी तो दिव्याचं बटण अजूनही दोनदा दाबून बघायचा, ते मी स्वतः पाहिलं आहे, आमच्याच घरी, आमच्या टेबलासाठी आला तेव्हा.