ब्रेकमध्ये करंजेल

सन तीस-बत्तीसच्या सुमाराला मी तळ्याहून बंदरापर्यंत सर्व्हिस मोटार चालवत असे. मालकाचा आधी बैलगाड्यांचा धंदा. मोटार घेतली तरी त्याचं डोकं गाडीवानाचंच राहिलं. उताराला मागचे ब्रेक किंचाळत, उतारू कानांत बोटं घालत आणि मालकाला लाज वाटे. "पट्ट्या झिजल्यात, नव्या आणा," म्हणून मी महिनाभर त्याच्या कानीकपाळी ओरडत होतो. तो नुसता हसायचा.

त्या दिवशी आत सतरा माणसं आणि टपावर भाताची पोती होती. खाडीकडच्या उतारावर ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला आणि मोटार आपली चाललीच. हातब्रेक ओढला, पण तोही त्याच चाकांचा. गिअर खाली पाडला, तो करकरत एकदाचा बसला आणि वेग जरा मोडला. तरी पुढचं वळण काही मिळणार नव्हतं. शेवटी डोंगराच्या अंगाला घेतली आणि दरडीला घासत घासत थांबवली. मडगार्ड गेलं, दिवा फुटला, माणूस मात्र एकही दुखावला नाही.

चाकाजवळ वाकलो तर करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा वास. उतारूंत माझा शेजारी होता, मालकाचं कूळ. तो म्हणाला, "काल तू घरी गेल्यावर आमीच घातलं. चाक बोंबलतंय, तेल घाल, असं मालक बोलला."

बैलगाडीच्या आसाला घालतात तसं! तेल लागलं की पट्ट्या किंचाळत नाहीत, पण चाकही धरत नाहीत. मी कपाळावर हात मारला.

फौजदारापुढे हाच शेजारी म्हणाला, "ब्रेक चांगला व्हता सायेब. यानं दाबलाच न्हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या जमिनी मालकाच्या. ज्यांना वाचवलं त्यांनीच माझं लायसन घालवलं, आणि याची चीड मला आजही येते.

पंधरा दिवसांनी नव्या ड्रायव्हरनं तीच मोटार माझ्या दारावरून खाडीकडे नेली. नव्या पट्ट्या आणल्या नव्हत्या, हे गावाला ठाऊक होतं. दारापुढच्या उतरणीला ब्रेक नेहमी किंचाळायचे. त्या दिवशी आवाज नाही, आणि मोटार थोडी जोरातच गेली. खिडकीत शेजारी होता. मला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

एक हाक पुरली असती. मी ओटीवर सुपारी कातरत बसून राहिलो.