गोदाचं चिलखत

शनिवार, २१ जून. आजचं काम : गोदाच्या चिलखताला रंग देणे.

रंगशाळेत शिरलं की आधी आवाज येतो. तापल्या लोखंडावर पाण्याची धार पडावी तसा एक लांबलचक चुरचुरता सुस्कारा, आणि त्याच्यामागून मोठ्या कढईत काहीतरी दाट, संथ उकळत असल्याची रटरट. वास मात्र येत नाही. तो मनानेच पुरवावा लागतो, आणि मी तिथे भिजलेल्या चुन्याचा वास पुरवते. समोर रंगांच्या कुंड्या मांडलेल्या असतात. एकीत मोराच्या मानेवरचा निळा, एकीत पिकल्या जांभळाचा काळसर, एकीत शेवाळी. आणि अगदी कडेच्या, जिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही अशा कुंडीत भाजल्या विटेचा तांबूस. मला तोच हवा होता. चिलखताची छातीची पट्टी त्या कुंडीत बुडली, सुस्कारा उठला, आणि वर आली तेव्हा तिच्यावर नुकत्याच भट्टीतून काढलेल्या विटेचं ते गंभीर, न चमकणारं तेज होतं. मी हैदराबादेतल्या तारनाक्याच्या घरात, पंख्याखाली, खुर्चीत बसले होते आणि माझ्या हातात माउस होता, एवढं सांगितलं म्हणजे ही रंगशाळा कुठे आहे ते तुमच्या ध्यानात येईल.

गोदा ही एका ऑनलाइन खेळातली योद्धा स्त्री. खेळात शिरणाऱ्या प्रत्येकाला एक पात्र घडवावं लागतं, तशी ती मी घडवली. मागच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मला सक्तीने बसवलं गेलं. बसल्या जागेवरून मी घर चालवू लागले, तेव्हा माझ्या लेकीने, सईने, त्रासून लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली की इथे हव्या तितक्या लोकांना हुकूम सोड. ती आणि तिच्या कचेरीतली तीन मुलं हा खेळ खेळत होती. पाचवं माणूस त्यांना हवंच होतं. खेळात कुणी दुरून बाण मारतं, कुणी जखमा भरतं. मी ढाल निवडली. ढालकरी सगळ्यांत पुढे उभी राहते, येणारा घाव अंगावर घेते आणि मागच्यांना आपापलं काम करायला उसंत देते. यात शौर्य फारसं नाही. जागा न सोडणं आहे. ते मला जमतं. गुडघा बरा झाला, मी पुन्हा कामावर जाऊ लागले, पण शनिवारची संध्याकाळ आणि पथकातली ती पहिली जागा काही मी सोडली नाही.

या खेळात एक विलक्षण सोय आहे. वस्तूचं बळ आणि वस्तूचं रूप या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदा एखादं चिलखत कष्टाने मिळवलं की त्याचं रूप तुमच्या पेटीत कायमचं जमा होतं. मग अंगावर कितीही बळकट चिलखत असो, त्याच्यावर पेटीतलं मन मानेल ते रूप चढवता येतं. खाली पोलाद, वर साधी घोंगडी! प्रत्यक्ष संसारात अशी सोय कुठे आहे? इथे खिडकीपलीकडचा माणूस आधी आपली साडी पाहतो आणि मग अर्ज हातात घेतो. आवाजात किती अदब घालायची हे तो आपल्या चपलांवरून ठरवतो. रूप हेच बळ समजण्याच्या या जुन्या खोडीपासून निदान एक तरी नगरी मुक्त असावी, हे मला मोठं न्यायाचं वाटलं होतं.

वाटलं होतं, असं म्हणते. कारण मग मिरवणूक आली.

खेळाच्या राजधानीत उद्या, रविवारी सकाळी, सगळ्या पथकांची वेषभूषेची मिरवणूक निघायची होती. आमच्या पथकाचा नायक चैतन्य. वरंगळकडचा, सईबरोबर काम करणारा, मितभाषी आणि कामाला चोख मुलगा. त्याने कित्येक संध्याकाळी खर्चून पाचही जणांसाठी एकच वेष ठरवला : काळ्या धातूवर सोन्याची नक्षी. त्याच्या पात्राच्या अंगावर ते चिलखत गळ्यापासून घोट्यापर्यंत असं भरदार बसलं की पाहत राहावं. मग तेच चिलखत, त्याच नावाचं, मी गोदाच्या अंगावर चढवलं. छातीवर दोन वाट्या, कमरेला एक साखळी, आणि मधला सगळा मुलूख मोकळा! जिथे भाला पहिल्यांदा लागणार ती जागा घडवणाऱ्याने हवेशीर ठेवली होती. माझा नवरा मागून पेपर घेऊन चालला होता. तो थांबला, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारता झाला, "हे चिलखत आहे, का मुंजीतली लंगोटी?"

तुम्ही म्हणाल, खेळच तो. चित्रातल्या बाईचं चित्रातलं पोट, त्याचं एवढं काय? पण मी नोकरी करते ती भांडारात. सिकंदराबादेपलीकडच्या एका लहानशा कारखान्यात कामगारांना हातमोजे, बूट, शिरस्त्राणं द्यायची आणि त्यांची देखभाल करायची, हे माझं काम. कोणतीही वस्तू घडवताना घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा असतो, आणि तो माणूस कोण होता हे वस्तू हातात घेताच कळतं. आमच्या बायकांच्या डोक्यावर शिरस्त्राण नीट बसत नसे, कारण ते ज्याने घडवलं त्याच्या मनातल्या डोक्याला अंबाडा नव्हता. बायका अंबाडा मानेवर उतरवून बांधत, तरी ते डुगडुगे. मी लहान मापाची, मागे जागा असलेली मागवली. पुरवठादार उत्साहाने म्हणाला की लेडीज माल आहे, गुलाबी रंगात. मी म्हटलं, रंग मी विचारलाच नाही, मी माप सांगितलं. दोनदा त्याने गुलाबी पाठवली, दोनदा मी परत केली. तिसऱ्यांदा पिवळी, मापाची आली. जगाशी भांडायचे फार सिद्धान्त मला येत नाहीत. वस्तू ज्या कामाची आहे ते काम तिने करावं आणि ज्याच्या अंगावर जायची त्याला ती बसावी, एवढंच मागणं. चिलखताचं काम पोट झाकणं.

तेव्हा मी झाकणारं चिलखत शोधायला निघाले. दलदलीतल्या एका किल्ल्यात एक अजस्र लोहार आहे. त्याला हरवलं की कधीतरी, त्याची मर्जी असेल तर, पहारेकऱ्याचं चिलखत मिळतं. बाईच्या अंगावरही ते गळ्यापासून घोट्यापर्यंत जसंच्या तसं बसतं. सकाळी कुकर लावून मी किल्ल्यात जायची. अनोळखी लोकांबरोबर त्या चिखलातून चालायची, लोहाराच्या घणाखाली पडायची, उठायची, आणि शिट्ट्या पुऱ्या झाल्या की गॅस बंद करून कामावर जायची. घण डाव्या खांद्यावरून येतो आणि त्याआधी तो श्वास ओढून घेतो, हे कळायलाच किती सकाळी गेल्या! पण कळलं. चिलखत मिळालं. मिळाल्यावर मी थांबायला हवं होतं, थांबले नाही. स्वतः न घालता दुसऱ्याला देता येतं म्हणून सईच्या धनुर्धारिणीसाठीही एक मिळवलं. तिचा काळा-सोनेरी वेष गोदाइतकाच उघडा होता, आणि आईच्या डोळ्यांना ते माझ्या पात्राहून अधिक टोचत होतं.

आज दुपारी मी ते तिच्या पेटीत टाकलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि परत केलं. मी कारण विचारलं. तिला काळं-सोनेरीच आवडत होतं, उघडं होतं तसंच. मी माझा शिरस्त्राणाचा सिद्धान्त मांडू लागले. पोट उघडं टाकून कुणी लढायला जातं का, असं मी विचारलं आणि तिने कानावरचा हेडफोन काढून बाजूला ठेवला.

"आई, चैतन्य सांगतो हेच घाल. तू सांगतेस हे घालूच नको. फरक एवढाच, की तू वर डबाही भरून देतेस."

मी स्वयंपाकघरात गेले आणि गवार निवडायला घेतली. गवारीच्या शिरा काढताना विचार नीट होतो. हात गुंतलेले असतात आणि तोंडाला काम नसतं. लागलं होतं, पण खरं होतं. मला गुलाबी शिरस्त्राण पाठवणाऱ्या माणसाचा राग आला होता तो रंगाचा नव्हे, न विचारण्याचा. मग मी तरी लेकीला तिचं माप कुठे विचारलं? चिलखत झाकणारं असावं, हा माझा आग्रह माझ्या अंगापुरता शहाणपणाचा होता. दुसऱ्याच्या अंगावर तो घातला की तोही गणवेशच! तेवढा मी मागे घेतला. माझ्या अंगापुरता मात्र तो तसाच ठेवला, उलट अधिक घट्ट केला. कारण आता त्यातलं दुसऱ्याचं कापड काढून टाकलं होतं.

संध्याकाळी पाचही जण फोनवर जमलो तेव्हा मी चैतन्यला सांगून टाकलं. घडण ज्याची त्याने निवडावी, रंग मात्र सगळ्यांचा एक ठेवू. लग्नघरातल्या बायका नाही का ठरवून एका रंगाच्या साड्या नेसतात, आणि नेसण जिची तिची असते? काळं-सोनेरी ठेवा, मी गोदाला तसं रंगवीन. एक दिन की बात है आंटी, पैन लो, असं त्याने दोनदा अजिजीने म्हटलं. त्याचा जीव त्या पाच सारख्या आकृत्यांत अडकला होता आणि त्याच्या जागी मी असते तर माझाही अडकला असता. मग हसून म्हणाला, "आंटी, जुलूस है. सब्जीमंडी नक्को बनाओ." त्याचे दोघे मित्र हसले. मीही हसले, आणि नाही म्हटलं. तेव्हा त्याने फार मऊ आवाजात सांगितलं, की मग उद्यापुरता त्याचा चुलतभाऊ किरण ढाल घेईल. आणि किरणला खेळ आवडला तर पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे! भांडारात वीस वर्षं काढलेल्या बाईला या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझी पहिली जागा आता जागेवर नव्हती.

फोन संपल्यावर माझ्या दारात येऊन सईने विचारलं, की ती पथकातून निघाली तर? मी म्हटलं, मुळीच नाही. तुला तो वेष आवडतो ना? मग तो घालून चाल. माझ्यासाठी तू तो टाकलास तर दुपारी मला ऐकवलंस ते सगळं वाया गेलं. ती गेली. काळ्या-सोनेरीचं बंधन आता माझ्यावर उरलं नव्हतं. मग मी रंगशाळेत गेले आणि ती कडेची कुंडी निवडली.

रविवार, २२ जून. सकाळी कपडे मशीनमध्ये टाकून मी राजधानीच्या वेशीवर गेले. एकट्याचं पथकही नोंदवता येतं, नोंदवलं. नाव विचारलं, ‘गोदा’ घातलं. पुढे आमचं पथक उभं होतं, पाचही जण काळे-सोनेरी, आणि खरं सांगायचं तर देखणे. सईची धनुर्धारिणी ऐटीत उभी होती. तिला तो वेष शोभत होता, हे मी पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. पलीकडून हसू आलं. मग रणशिंग वाजलं आणि मी सगळ्यांच्या मागे, विटेच्या रंगाची, गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली, चालू लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका परक्या मुलीने मात्र थांबवून विचारलं, की हे चिलखत कुठे मिळतं. तिला दलदलीचा रस्ता सांगितला, आणि घणाआधीचा श्वास ओळखायला सांगितलं. बक्षीस कुण्या तिसऱ्याच पथकाला गेलं.

मी मशीनमधले कपडे काढत होते तेव्हा चैतन्यचा निरोप आला. मिरवणूक संपल्यावर ते पाचही जण किल्ल्यात गेले होते आणि लोहाराच्या पहिल्याच घणाला किरण मागे पळाला होता, पाठोपाठ सगळे पडले होते. शनिवारी आप सामने रहना आंटी, असं त्याने लिहिलं होतं. वेषाविषयी एक अक्षर नव्हतं. मी हात पुसले. न बोललेल्या गोष्टी मागाहून वाढतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून उत्तरात ती गोष्ट मीच घातली. "आऊंगी. ऐसेइच आऊंगी."

पाठवलं, आणि बादली उचलून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले.