शेजारणीकडे गेलेली कॅसेट
कपाट आवरताना सनईच्या कॅसेटचं रिकामं कव्हर सापडलं आणि कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतली नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली. तेव्हा आम्ही बायका आवडीच्या कॅसेटी दर गुरुवारी एकमेकींना ऐकायला देत असू. नातवंडांनो, तुमच्या आईला अमेरिकेला पाठवायचं पत्रही मी बोलून कॅसेटवरच भरायची. त्या दिवशी ते पाकिटात घालायला गेले, तर हातात सनई! म्हणजे सनईच्या कव्हरातून पत्र शेजारणीकडे गेलं होतं, आणि त्यात मी म्हटलं होतं, "शेजारीण पहाटे भजन म्हणते, अगदी पत्रा ओढल्यासारखं." मी तशीच धावले. कांदा-लसूण चटणीच्या ठसक्यानं भरलेल्या तिच्या स्वयंपाकघरातून माझाच आवाज येत होता. "या की वैनी," ती डोळे पुसत, हसत म्हणाली, "पत्रा व्हय? आमचं मालक तर फुटकं पातेलं बडवल्यागत म्हणत्यात. तुमी लईच जपून बोललाय!" माझा जीव भांड्यात पडला. मग कॅसेटच्या कोऱ्या बाजूवर तिनं हट्टानं एक भजन भरलं आणि मी ते तसंच पाठवलं. तुमच्या आईकडे मागून ऐका. सूर कुठेच लागत नाही, पण मला अजून तेच सगळ्यांत आवडतं.