वांदरं हाकलायचं यंत्र आणि माझा पाना

नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आमच्या घरात आलं, तेव्हा मी गच्चीवर उरलेले सरगुंडे मोजत होतो.

सरगुंडे म्हणजे कणकेच्या बारीक वळ्या काडीला गुंडाळून करायच्या, उन्हात वाळवायच्या आणि आंब्याच्या रसासोबत खायच्या. आमच्या जानेफळात सरगुंडे बायका करतात, खाटेवर ऊन वाळवतं आणि खातात मात्र वांदरं! त्या दिवशी निम्मी खाट रिकामी झाली होती. मोजण्याची मला सवयच आहे. मी बाजारातल्या वजनकाट्यावर कामाला आहे. ट्रकच्या वजनात पाच किलोचा फरक पडला तर मला रात्रभर झोप लागत नाही. (बायकोच्या मते हे साफ खोटं आहे. घोरणारा माणूस जागा नसतो, असं तिचं म्हणणं.)

सहावीतली आमची तेजू धावत वर आली.

"बाबा, शाळेत प्रदर्शन हाय! घरात जी अडचण असन, तिच्यावर आपल्या डोक्यानं यंत्र बनवाचं. सामान घरातलंच, टाकाऊ. मी वांदरं हाकलाचं यंत्र बनवतो!"

"मी मोजमाप सांगतो," मी म्हणालो.

"काही सांगू नका. मॅडमनं तुमच्यासाठीच सभा ठेवली हाय."

सभा सगळ्याच पालकांसाठी होती, पण मुख्याध्यापिका मॅडम बोलताना बघत होत्या माझ्याकडे. "नव्या धोरणात पाठांतरापेक्षा मुलांच्या कल्पनेला महत्त्व आहे. मुलं चुकतील, वाकडंतिकडं करतील. करू द्या! पालकांनी प्रकल्पाला हात लावायचा नाही." मागच्या दिवाळीत तेजूच्या मातीच्या किल्ल्याचे बुरूज मी ओळंबा लावून सरळ केले होते. ही बातमी शाळेपर्यंत कशी गेली, देव जाणे.

तेजूनं आठवडाभर गच्चीवर ठोकाठोक केली. एक खांब, त्यावर सायकलचं जुनं चाक आडवं बसवलेलं, चाकावर एक आडवा बांबू. बांबूच्या एका टोकाला आईच्या फाटक्या साडीचा पडदा. दुसरं टोक तसंच उघडं. आणि मध्ये डब्यांची झाकणं, तुटका झारा, फुटकी परात, असं सगळं एकाच जागी लोंबकळत सोडलेलं. कुठली दोरी लांब, कुठली आखूड. वारा आला की ते धूड असा हिसका मारी आणि असा खणखणाट करी, की खालच्या रस्त्यावरून जाणारा माणूस डोक्यावर हात धरून बसे!

पण वांदरं पळाली. सरगुंडे वाचले. शेजारचे रशीदभाई, ज्यांचा मालवाहू टेम्पो आहे, ते गच्चीवर येऊन म्हणाले, "क्या बात है! भास्करभाऊ, पोरगी इंजिनेर हाय तुमची. तेजू, आमच्या गच्चीवर बी एक लावून दे माय."

तेजूचं आता एकच ध्येय होतं. शाळेतून एकच यंत्र तालुक्याला, मेहकरला जाणार होतं, आणि तिला ते आपलंच जायला हवं होतं. "मी कधीच कशात निवडल्या गेलो नाही," ती आईला म्हणाली. "धावण्यात नाही, नाचात नाही. हे मले येते."

हे मी जिन्यातून ऐकलं आणि बाप म्हणून माझं काळीज हललं. तिथंच घात झाला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तेजू शिकवणीला गेली होती. मी गच्चीवर गेलो. यंत्राकडे पाहिलं. एका बाजूला साडी, दुसऱ्या बाजूला काहीच नाही! दोऱ्या असमान! झाकणं एकमेकांवर आपटताहेत! असली वस्तू परीक्षकांपुढे? मी साडीचे दोन सारखे तुकडे करून दोन्ही टोकांना बांधले. सगळ्या दोऱ्या एका मापाच्या केल्या. झाकणं सारख्या अंतरावर टांगली, म्हणजे धक्का लागायला नको. दोन्ही बाजू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. शेवटी चाकाचा ढिला नट पान्यानं आवळला.

बायको पापड घेऊन वर आली आणि जागीच थांबली.

"आहो! मॅडमनं हात लावू नका म्हणलं होतं ना?"

"मी हात नाही लावला," मी म्हणालो. "पाना लावला."

शनिवारी सकाळी रशीदभाईंच्या टेम्पोतून यंत्र शाळेत गेलं. तेजूला घाई होती, यंत्रावर मी आदल्या दिवशीच चादर घातली होती, त्यामुळे चादर काढली ती थेट पटांगणात. तिनं एकदा यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी अभिमानानं मान हलवली.

परीक्षक म्हणून तालुक्याहून एक सर आले होते. पाहुण्यांसाठी टेबलावर केळी मांडली होती, आणि केळी मांडली म्हणून कडूलिंबाच्या झाडावर वांदरंही हजर होती.

"हं, काय आहे हे?" सरांनी विचारलं.

"सर, हे वांदरं हाकलाचं यंत्र. वारं आलं की फिरते आन् वाजते."

वारा आला. असा आला की भिंतीवरचे तक्ते उडाले, एका पालकाची टोपी फाटकाबाहेर गेली. तेजूचं यंत्र हललं नाही. झाकणं आपापल्या जागी शिस्तीत डोलत राहिली. आवाज म्हणून नाही!

"फिरत काऊन नाही हे?" सर म्हणाले.

तेवढ्यात लिंबावरून एक दांडगं वांदर खाली उतरलं. त्यानं टेबलावरचं केळं उचललं, सगळीकडे पाहिलं आणि निवांत जागा म्हणून नेमकं यंत्राच्या बांबूवर जाऊन बसलं. तिथं बसून त्यानं केळं सोललं! एका टोकाला एवढं धूड बसूनही बांबू तसूभर झुकला नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला.

पटांगण हसायला लागलं. तेजू हसली नाही. तिचा खालचा ओठ थरथरत होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "खरं सांगा. काय केलं तुम्ही?"

"थोडं नीट केलं."

"नीट काऊन केलं?"

माझा हात खिशात गेला. पाना तिथंच होता. मी बाकावर चढलो आणि नट ढिला करायला लागलो. वांदरानं माझ्याकडे पाहून दात विचकले. मी दचकलो, बाक कलला, मी बांबूला लोंबकळलो, आणि नट सुटून चाकासकट सगळा डोलारा माझ्या डोक्यावर आला! साडीचा एक तुकडा तोंडावर, दुसरा गळ्यात, झाकणं खांद्यावर, परात पाठीला. काही दिसेना. वांदर अंगावर आलं असं समजून मी पळत सुटलो. पण साडीचं टोक खांबाला अडकलेलं! त्यामुळे खळ्यातल्या मेढीभोवती बैल फिरतो तसा मी खणखणाट करत खांबाभोवती गोल गोल फिरायला लागलो.

"वाचवा!" मी ओरडलो.

"थांबू नका, बाबा!" तेजू त्याहून मोठ्यानं ओरडली. "पळा! वांदरं चालली!"

खरोखरच चालली होती. केळंवालं सगळ्यात पुढे, बाकीची शाळेच्या कौलांवरून थेट शेतात! पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी थांबलो तेव्हा पोरं "पुन्हा, काका, पुन्हा!" म्हणत होती.

सर हसून हसून खुर्चीत बसले होते. डोळे पुसत म्हणाले, "बेटा, वांदरं तर पळाली. पण यंत्र का चाललं नव्हतं, ते सांगशील?"

मी सांगायला तोंड उघडलं. मॅडमनी बोट ओठावर ठेवलं.

तेजूनं नाक पुसलं. "सर, दोन्हीकडं साडी बांधली तं वारं दोन्हीकडं सारखंच ढकलते. मंग ते फिरणार कसं? एकाच बाजूनं पाहिजे. आन् झाकणं एकमेकाले लागलीच नाही तं वाजतीन कशी? ते वाकडं होतं म्हणूनच चालत होतं."

"हे कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही. गच्चीवर बसून पाह्यलं."

सर गंभीर झाले. "मग करून दाखव."

तेजूनं माझ्या अंगावरून एकेक वस्तू काढून घेतली. चाक बसवलं. एका टोकाची साडी सोडून टाकली, दोऱ्यांना हव्या तशा गाठी मारल्या, झाकणं एका जागी गोळा केली. नट हातानंच बसवला, ढिला. मी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. (बायको सांगते, ओठ हलत होते.) सगळं पटांगण पुढे सरकलं. आणि वारा आला! बांबूनं हिसका मारला, परात झाऱ्यावर आदळली, आणि असा खणखणाट उठला की मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तशाच हसत राहिल्या.

तेजूची निवड झाली. नाव पुकारल्यावर ती जागीच उभी राहिली. आईनं ढकललं तेव्हा पुढे गेली आणि परत आली ती उड्या मारतच.

"एकच सांगतो," सर जाता जाता म्हणाले. "मेहकरला आधी बिघडलेलं यंत्र दाखव, मग सुधारलेलं. त्याशिवाय लोकांना कळणार नाही. बिघडवायला वडिलांना सोबत आण."

मेहकरला निघायच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला. रशीदभाईंनी टेम्पोत यंत्र चढवलं, तेजू आणि तिची आई पुढे बसल्या. मीही पुढे चढायला लागलो.

"भास्करभाऊ, किधर?" रशीदभाईंनी मला अडवलं. "पुढं फक्त माणसं."

मी तेजूकडे पाहिलं. ती मोठ्या प्रेमानं म्हणाली, "बाबा, सामान मागं बसते."

मी मागे जाऊन बसलो. जाताना मला नीट दोरीनं बांधायला मात्र ते विसरले नाहीत.