जाऊबाईंचं धावणं

माझ्या मोठ्या जाऊबाईंइतकी लाजरी बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, आणि नेमक्या त्याच बाईनं पंचेचाळिशी उलटल्यावर धावायला सुरुवात केली. लाजरी म्हणजे किती? लेकीचं लग्न होऊन नातू रांगायला लागला होता, तरी भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, समोरून आले की त्या दाराआड सरकत. एस.टी.त शिंक आली तर पदर तोंडात कोंबून डोळ्यांतून पाणी काढत, पण चारचौघांत शिंकत नसत. लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये वधूमाय म्हणून जी बाई उभी आहे ती आमची चुलत सासू. फोटोवाला आला आणि जाऊबाई मांडवामागे जाऊन भांडी घासायला बसल्या, त्या वऱ्हाड गेल्यावरच उठल्या.

अशा बाईला दिग्रसच्या डॉक्टरांनी शुगर निघाल्याचं सांगितलं आणि रोज तासभर भरभर चालायला लावलं. डॉक्टरांपुढे जाऊबाईंनी मान डोलावली. घरी येताना मात्र एस.टी.त माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “दिवसभर वावरात मी काय बसून राह्यते काय वं?” मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. आर्णीचा फाटा मागे पडला. गाव जवळ आल्यावर त्यांचा निर्णय झालेला होता. “तासभर बिनकामाची चालली तर लोक पाह्यतीन. धावलं तर अर्ध्या तासात सुटका होईन. पाहणाराले पाहाले वेळच नाई भेटणार.”

लाजेपोटी धावायला निघालेलं दुसरं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

बूट होते त्यांच्या पुसदला शिकणाऱ्या मुलाचे, कॅनव्हासचे, दोन बोटं मोठे. पुढच्या टोकात त्यांनी कापूस कोंबला. त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. आज चढेल, उद्या चढेल म्हणून सगळा कापूस घरातच भरलेला. माजघरात छताला टेकलेली गंजी, पलंगाखाली कापूस, देवघरापुढे जेमतेम बसायला जागा. आम्ही सगळे रात्रंदिवस अंग खाजवत असू. दोन मुठी बुटात गेला तर कोणाला पत्ता लागणार? “याच्यापेक्षा चांगला भाव याले कुठी भेटून राह्यला?” असं म्हणून जाऊबाई स्वतःच हसल्या आणि लगेच कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहू लागल्या.

पहिल्या दिवशी झुंजूमुंजू असताना त्या आमच्या कुंपणापासून विजेच्या पहिल्या खांबापर्यंत धावल्या आणि खांबाला मिठी मारून “मेली वं माय” म्हणत खाली बसल्या. मला वाटलं, संपलं. पण लाजऱ्या माणसाच्या पोटात कुठेतरी भयंकर हट्ट असतो. दुसऱ्या दिवशी त्या खांबाच्या पुढे चार पावलं गेल्या. “चाल वं सटवे, त्या बाभळीपर्यंत,” असं स्वतःच्या पायांना बजावत जायच्या. एखाद्या पहाटे उठवत नसे. काही झालं तरी मला उठवायचंच, अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती तेव्हा कामी यायची. मी पांघरूण ओढायची, त्या मला नाही नाही ते बोलायच्या, आणि धावून आल्यावर दुपारी माझ्यासाठी गुपचूप धिरडं करून ठेवायच्या.

मी सोबत होते ती पहारेकरी म्हणून. मी मागून सायकल हाताने ढकलत चालायचं आणि कोणी येताना दिसलं की मोठ्यानं खोकायचं, हे माझं काम. खोकला ऐकू आला की जाऊबाई धावणं सोडून चालू लागत आणि पदर सारखा करीत. महिनाभरात अख्ख्या गावाला माझ्या छातीची काळजी लागली. सासूबाई हळदीचं दूध पाजू लागल्या. एका म्हाताऱ्या आजीनं अडुळशाचा पाला आणून दिला आणि “तपासून घे वं पोरी, अंगावर काढू नको,” म्हणाली. काढा कडू होता. पण जाऊबाईंचं गुपित फुटू नये म्हणून मी तोही प्यायले.

बहाणे तर विचारूच नका. पहाटे हातात पाण्याचं डबडं घेतलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही म्हणून आधी डबडं घेऊन धावल्या. निम्मं पाणी लुगड्यावर. मग दोर घेतला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, वासरू सुटलं. विचारणारा भला माणूस निघाला. त्यानं आणखी चार जण जमवले आणि दुपारपर्यंत सगळे मिळून आमचं वासरू धुंडत होते. ते गोठ्यात बांधलेलं होतं आणि जाऊबाई त्याला सुपाआड झाकायचा प्रयत्न करत होत्या. एकदा तर डांबरी रस्त्यावर यवतमाळची पहिली गाडी मागून आली. बाई गाडीसाठी पळतेय असं वाटून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, कंडक्टरनं हात देऊन वर ओढलं. “नको, मी उगीच धावत होती,” एवढं सांगायची लाज वाटली म्हणून जाऊबाई निमूटपणे पुढच्या गावापर्यंत गेल्या आणि तिथून चालत परत आल्या. डॉक्टरांनी सांगितलेला तास त्या दिवशी एकदाचा पुरा झाला.

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण ती वर्षं हसण्याची नव्हती. आमच्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या गावची बातमी रोज पेपरात असायची. वावरात गेलेला माणूस, फवारणीच्या औषधाचा डबा, मागे बायकापोरं. मोठ्या गाड्यांतून माणसं यायची, फोटो काढायची, जायची. त्या दिवसांत गावात कोणी धावताना दिसलं की बघणारा आधी आपल्या घरचं माणूस कुठे आहे ते पाहायचा. हे आम्हा दोघींना कळायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा आम्ही लोक हसतील एवढ्याच भीतीत होतो.

एका पहाटे नाल्याजवळ एक कुत्रं जाऊबाईंच्या मागे लागलं. नेहमीची परतीची पायवाट त्यानं अडवली, तशा त्या ऊर फुटेस्तोवर पळत सरळ गावात शिरल्या. मी मागून सायकलवर बसून निघाले, पण मधे कुत्रं, गाठायला जमेना. हापशीवर पाच-सहा बाया पाणी भरत होत्या. लुगडं खोचलेलं, केस सुटलेले, तोंड लालबुंद, अशा जाऊबाई त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

“काय झालं वं?” कोणीतरी विचारलं.

जाऊबाईंना बोलवेना. त्यांनी फक्त हात मागे, वावरांच्या दिशेनं केला. त्यांना सांगायचं होतं कुत्र्याचं.

हापशीवर बेबी होती. आमच्या मागच्या आळीतली, दोन लेकरांची आई, तिशीच्या आतलीच. तिचा नवरा गजानन रानडुकरं हाकायला वावरात मुक्कामाला होता. जाऊबाईंचा हात त्या बाजूला गेला मात्र, बेबीच्या हातातली भरलेली कळशी खाली आली. ती ओरडली नाही, काही विचारलं नाही. अनवाणी पळत सुटली. तिच्यामागे बाकीच्या बाया, त्यांच्यामागे घराघरांतून निघालेली माणसं. जाऊबाईंना तोवर बोलण्याइतका दम आला होता, “अवं, कुत्रं व्हतं, कुत्रं!” असं त्या ओरडत राहिल्या, पण ऐकायला कोणी नव्हतं. त्याही पुन्हा धावल्या, सगळ्यांच्या मागे.

गजानन वाटेतच भेटला. खांद्यावर घोंगडं, तोंडात निंबाची काडी, स्वस्थ येत होता. अर्धं गाव आपल्या अंगावर धावून येताना पाहून तो बिचारा भेदरून उभा राहिला. बेबीनं त्याला गाठलं आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. मग तिथंच धुळीत बसली आणि रडली. एक-दोन जण हसले. बाकी कोणी हसलं नाही. मग एकेक जण वळून जाऊबाईंकडे पाहू लागला. त्यांच्या पायांतल्या बुटांकडे पाहू लागला. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे एवढंच म्हणाले, “बाई, असं धावत जाऊ नये गावात. दिवस बरे नाहीत.”

जन्मभर जी नजर चुकवण्यासाठी जाऊबाई दाराआड सरकल्या, ती सगळ्या गावाची नजर त्या सकाळी एकदम त्यांच्यावर पडली. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि पायांतले बूट काढून हातात घेऊन घरी आल्या. भासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं जाऊबाईच नंतर म्हणाल्या. त्यानंतर त्या हापशीवर जाईनात, मला पाठवीत. बाजार बंद, कीर्तन बंद. धावणं तर बंदच. पुढच्या तपासणीत शुगर वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं आणि जाऊबाई तिथे रडू लागल्या. डॉक्टरांनी घाबरून पंखा वाढवला.

शेवटी एका संध्याकाळी त्या मला घेऊन बेबीकडे गेल्या. चुलीजवळ बसून खाली मान घालून म्हणाल्या, “बेबी, माह्यानं लय मोठी चूक झाली. मले माफ कर वं माय. तोंड दाखवाची लाज वाटते.”

बेबी भाकर थापत होती. ती थांबली नाही. “तुमी धावल्या म्हणून नाई भेली मी, काकू. मी रोजच भेते. थो वावरात गेला का मी घरी बसून कान लावून राह्यते. कोणाले सांगता येत नाई. त्याले म्हणता येत नाई का मले तुह्यावर भरोसा नाई म्हणून. त्या दिवशी निदान धावाले तर भेटलं. जाऊन डोयानं तर पाह्यलं.” भाकर तव्यावर टाकून तिनं हात पुसले. “तुमी आता काहून नाई धावत?”

“कशी धावू?”

“मी येऊ काय संगं? त्या नाल्याच्या वाटेनं. आमच्या वावरावरून.”

जाऊबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग “ये,” म्हणाल्या.

तेव्हापासून दोघी धावू लागल्या. बहाणे संपले, माझा खोकलाही बरा झाला. गाव आधी हसलं, मग सरावलं, हापशीवरच्या बाया “आल्या पी. टी. उषा” म्हणू लागल्या. रोज उजाडताना दोघी बेबीच्या वावरापर्यंत जात. मचाणावरून गजानन हात हलवायचा किंवा नुसताच खाकरायचा. बेबी न थांबता वळायची आणि परतीच्या वाटेवर तिचे पाय हलके पडत, असं जाऊबाई सांगत. त्या मोसमात जाऊबाईंचा एकही दिवस चुकला नाही. अंगात कणकण असली तरी उठत. “मी नाई गेली तर ते एकटी कशी जाईन वं?” म्हणत. मला पांघरूण ओढावं लागलं नाही.

ती वर्षं गेली. सगळ्यांसाठी नीट गेली असं नाही, पण बेबीच्या घरासाठी गेली. जाऊबाईंचे गुडघे आता धावू देत नाहीत. मागच्या संक्रांतीला बेबी आणि गजानन तिळगूळ घेऊन आले होते. गजाननचे केस पिकलेत. बोलता बोलता तो थट्टेनं म्हणाला, “काकू, एक सांगा. त्या साली माह्या बायकोले रोज सकायी कायले पयवत होत्या तुमी? मी मचाणावरून पाहो अन् हासो.”

बेबीच्या हातातली बशी तशीच राहिली. तिनं जाऊबाईंकडे पाहिलं.

जाऊबाईंनी पदर ओठांवर ओढला. कान लाल झाले. “काय सांगू बाबू,” त्या म्हणाल्या, “मले एकटीले लय लाज वाटे. म्हणून नेत होती तिले.”

गजानन खो खो हसला, भासरेही हसले. जाऊबाई तशाच खाली मान घालून बसून राहिल्या, आणि बेबीनं सरकून हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.