सहा पायांचा कोळी

आमची वहिनी लेखिका आहे. लेखिका म्हणजे जिच्या नावाने छापून येतं आणि जिचं कोणी वाचत नाही. दोन्ही अटी ती कित्येक वर्षं इमानेइतबारे पूर्ण करत होती, त्यामुळे तिच्या लेखिका असण्याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नाही.

ती वाचनपत्रक लिहिते. घडी घातलेलं चार पानांचं पत्रक, दर महिन्याला निघतं आणि शाळांच्या वर्गांत फुकट वाटलं जातं. विषय विज्ञान. मुलांना विज्ञानाची गोडी लागावी हा उद्देश, असं पहिल्याच पानावर चौकटीत छापलेलं असतं. मुलांना लागली की नाही देव जाणे, गोदामातल्या उंदरांना मात्र चांगलीच लागली होती. परत आलेला एकही गठ्ठा त्यांनी न चाखता सोडला नाही.

मी त्याच कचेरीत पानं लावते, म्हणजे संगणकावर मजकूर आणि चित्रं जागच्या जागी बसवते. वहिनीला ही नोकरी माझ्यामुळे लागली असं मी चारचौघांत सांगते. "वन्संनी लावलीय, सोडून जाऊ कुठे?" असं ती सांगते. मी तिची नणंद आहे, तेव्हा तिला टोमणे मारायचा मला जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी रोज बजावते. पण दुसऱ्या कुणी तिला बोललं ना, तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि बोलायला समिती होतीच. वहिनीने लिहिलेली प्रत्येक ओळ आधी समितीपुढे जाते. समितीत आमचे साहेब, अभ्यासक्रमवाल्या मॅडम आणि दोन-तीन मान डोलावणारे. कापलेलं सफरचंद तपकिरी का होतं, असा साधा लेख होता बिचारीचा. "कापलेलं म्हणजे सुरी आली," मॅडम म्हणाल्या, "आणि सुरी म्हणजे अपघात." सुरी गेली, कापणं गेलं, आणि शेवटी छापलं काय, तर 'सफरचंद कधी कधी तपकिरी होते असे दिसून येते'. वाचा आणि लागू द्या गोडी! एकदा गांडुळावर लिहिलं, तर साहेबांना किळस आली. मजकूर तोच ठेवा म्हणाले, फक्त गांडुळाच्या जागी फुलपाखरू घाला. जमीन भुसभुशीत करणारं फुलपाखरू मी अगदी पानावर बसवायला घेतलं होतं. वहिनीने पाय आपटून ते थांबवलं, तेवढ्यावरून ती आडमुठी म्हणून कचेरीभर तिचं नाव झालं.

चौथ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ती न चुकता एक ओळ टाकायची, 'तुम्हाला काय वाटलं ते आम्हाला कळवा', आणि खाली कचेरीचा पत्ता. इतक्या वर्षांत एकदाच कुणीतरी कळवलं होतं. एका शाळेने विचारलं होतं की कागद जरा जाड मिळेल का, कारण फडताळात अंथरला की फाटतो. मी पोट धरून हसले. वहिनीही हसली, पण त्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला. एकदा चहा पिताना ती मला म्हणाली होती, "एका तरी पोराने शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचावं गं. मला जास्त नको." तिने 'अहो वन्सं' सोडून 'गं' म्हटलं की मी चेष्टा आवरते.

मग साहेबांनी एक दिवस तिला बोलावून घेतलं. साहेबांना 'प्रतिसाद' हा शब्द नुकताच कुठेतरी मिळाला होता आणि ते तो सारखा वापरत होते. "बाई, प्रतिसाद दिसत नाही. वर्षअखेरीपर्यंत प्रतिसाद आला नाही, तर पत्रकाचा गाशा गुंडाळावा लागेल." तुम्हाला आपण दुसरीकडे सामावून घेऊ, हेही म्हणाले. दुसरीकडे म्हणजे आवक-जावक. लेखिका आता टपालाच्या नोंदी ठेवणार!

दुसऱ्या दिवशी वहिनी तडक एका शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसली. तिथले गुरुजी मोठ्याने पत्रक वाचत होते, सफरचंदाचंच. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"काय, पोरं डोलत होती वाटतं तुझ्या लेखावर?" मी विचारलं.

"छे हो. एकाचंही लक्ष नव्हतं. सगळा वर्ग खिडकीकडे बघत होता. खिडकीत कोळी जाळं विणत होता."

"मग यात आनंद कसला?"

"अहो वन्सं, कोळ्याकडे बघत होती ती! मला कळलं आता काय लिहायचं ते."

आणि तिने लिहिलं. तिची नणंद असून सांगते, फर्मास लिहिलं. कोळी जाळ्यावरून चालतो आणि स्वतः अडकत कसा नाही, माशी अडकली हे त्याला न बघता कसं कळतं. मी पानं लावताना एरवी मजकूर वाचत नाही, नजर फक्त समासावर असते. हे मात्र वाचलं, आणि घरी गेल्यावर न्हाणीघरातल्या कोळ्याला झाडू मारायचं टाळलं.

समितीत मॅडमनी चष्मा पुसला. "आठ पाय लिहिलेत तुम्ही."

"आठच असतात, मॅडम."

"असतील. पण हे पत्रक तिसरीचं आहे. तिसरीत किडे येतात आणि किड्यांना सहा पाय. आठ पाय चौथीत आहेत."

वहिनीला वाटलं बाई गंमत करतायत. ती हसली. कुणीच हसलं नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "पण मॅडम, कोळी काय तिसरीतला आणि चौथीतला असा वेगळा असतो?"

"गोंधळ होतो मुलांचा. यंदा सहा करा. पुढच्या वर्षी दोन वाढवता येतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती खूप भांडली. निदान पायांचा आकडा तरी गाळा म्हणाली, तर आकड्याशिवाय विज्ञान वाटत नाही म्हणे. मग म्हणाली, माझं नाव तरी काढा त्यावरून. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "असं कसं? नाव हवंच. जबाबदारी निश्चित राहते." चित्रकाराला काय, दोन पाय कमी म्हणजे तेवढंच काम कमी, तो खूश. शेवटी एकच ओळ वहिनीने हट्टाने वाढवून घेतली, 'तुमच्या घरातल्या कोळ्याकडे नीट बघा'. त्यात विज्ञान काहीच नाही, म्हणून समितीने ती राहू दिली.

पत्रक निघालं. वहिनीने ते घरी आणलंच नाही. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, ज्याने लग्नापासून तिचं एक अक्षर वाचलं नव्हतं, त्याला नेमका हाच अंक कुठेतरी मिळाला. "अगं, कोळ्याला आठ ना?" त्याने जेवताना विचारलं. ती ताटावरून उठून गेली. मी दादाला असं झापलं की विचारू नका.

आणि मग काड्यापेट्या यायला लागल्या.

पहिली शिपायाने उघडली. आतून कोळी निघाला आणि थेट साहेबांच्या टेबलावरून पळाला. साहेब खुर्चीवर उभे! मी इतक्या वर्षांत साहेबांना एवढ्या चपळाईने काही करताना पाहिलं नव्हतं. पेटीला सुईने भोकं पाडलेली होती, आणि आत चिठोरं: 'हा आमच्या मोरीतला आहे. याला आठ पाय आहेत. मोजून परत पाठवा.' पुढच्या आठवड्यात टपाल ठेवायला टेबल पुरेना. गोळ्यांच्या डब्या, खडूचे खोके, एक पावडरचा डबा. एका पोराने लिहिलं होतं, 'आम्ही गोठ्यात, जिन्यात आणि शेजारच्या आजोबांच्या छत्रीत बघितलं. सगळे आठवाले निघाले. तुमच्याकडचा सहावाला कृपया पाठवा, आम्ही बघून परत देऊ.' एका आख्ख्या वर्गाने तर स्पष्टच विचारलं होतं की तुमच्या कोळ्याला अपघात झालाय का आणि आता तो बरा आहे का.

वहिनी एकेक पेटी मागच्या अंगणात नेऊन कुंपणापाशी उघडायची. चिठोरी वाचायची, हसायची, डोळे पुसायची, परत वाचायची. "शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचलंय गं," ती म्हणाली. "पत्ता कोपऱ्यातच होता."

आता साहेबांनी पेढे वाटायला हवे होते की नाही? मागितला होता ना प्रतिसाद? डोंबल! समितीची तातडीची बैठक लागली. हा प्रतिसाद नसून तक्रारी आहेत, असं ठरलं. मग चूक कोणाची, यावर मोठा खल झाला. मॅडमनी हात वर केले. त्या म्हणे तत्त्वाबद्दल बोलल्या होत्या, पायांबद्दल नाही. मान डोलावणाऱ्यांना तर काही आठवतच नव्हतं. मी पानांचा नमुना दाखवायला आत होते, खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण वहिनीने टेबलाखालून माझा हात दाबला.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "दोनच मार्ग आहेत. एक, पत्रक बंद करून विषय मिटवायचा. दुसरा, लेखिकेने आपलं अज्ञान मान्य करून खुलासा द्यायचा. मला वाटतं, बंद केलेलं तुमच्याच दृष्टीनं..."

"मान्य," वहिनी म्हणाली.

"काय मान्य?"

"अज्ञान. पण खुलासा पत्रकातच द्यायचा, म्हणजे पुढचा अंक काढावा लागेल. आणि मुलांना कळेल असा, मी माझ्या शब्दांत देईन."

समितीच्या डोक्यावरचं खापर दुसरीच्या डोक्यावर फुटत होतं, आणि दुसरी स्वतःहून डोकं पुढे करत होती. नाही कशाला म्हणतील? बाहेर आल्यावर मी मात्र तिच्यावर घसरले. "अक्कल गहाण टाकलीस का? हजारो पोरांसमोर छापून येणार, या बाईला कोळ्याचे पाय मोजता येत नाहीत! तुझ्या नावावर!"

"येऊ दे की. आजवर नावाला कोण ओळखत होतं?" ती म्हणाली. पण तिला लागलं होतं. शाळेत असताना विज्ञानात पहिली येणारी पोरगी ती. मी आणखी चार शब्द बोलणार होते, ते गिळले.

खुलासा मीच पानावर बसवला. 'मुलांनो, माझं चुकलं. मी मोजलं नव्हतं, तुम्ही मोजलंत. कोळ्याला आठ पाय असतात, तुमचं बरोबर. आता मला आणखी एक सांगा. कोळ्याला डोळे किती असतात? मला सांगता येत नाही. स्वच्छ प्लास्टिकवर पाण्याचा थेंब ठेवून त्यातून बघा, मोठं दिसतं. मोजून कळवा.' मॅडमनी सगळे अभ्यासक्रम चाळले, डोळे कुठल्याच इयत्तेत सापडले नाहीत, तेव्हा हरकत घ्यायची सोय राहिली नाही. तपासायचं तरी काय? लेखिकेला उत्तर माहीत नाही, हे तर समितीनेच मंजूर केलेलं. तेव्हापासून दर अंकात वहिनीला काही ना काही माहीत नसतं. मुंग्या एकमेकींना भेटल्यावर थांबतात का, ओला कपडा सावलीत कसा वाळतो. साहेब आता बाहेरच्या लोकांना सांगतात की ही कल्पना त्यांची. सांगू देत बापडे.

परवा ती आणि मी गठ्ठा घेऊन एका शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. वर्गाच्या दाराशी पुढचे दात पडलेली एक मुलगी फरशीवर मांडी घालून पत्रक वाचत होती, शेजारी प्लास्टिकचा तुकडा आणि पाण्याची वाटी. तिने वर बघितलं. गुरुजींनी मागून सांगितलं, या पत्रकाच्या बाई.

"त्या कोळीवाल्या? ज्यांना काही येत नाही?"

गुरुजींनी जीभ चावली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पत्रकात पस्तीसदा तपासून लिहिणारी बाई ही, आणि हे एवढंसं चिमुरडं... पण वहिनी म्हणाली, "हो, तीच मी."

मुलीने तिच्याकडे जरा दयेने पाहिलं आणि सरकून जागा केली. "बसा. लाजू नका. आमच्या वर्गातपण एकीला येत नव्हतं, मी शिकवलं."

वहिनी साडीसकट फरशीवर बसली. मुलीने पत्रक दोघींच्या मध्ये धरलं आणि ओळीखाली बोट फिरवत वाचायला सुरुवात केली, मथळ्यापासून. वहिनीला कळलं नसेल असं वाटलं की तिथे थांबून समजावत होती. चौथं पान आलं. खालचा कोपरा आला. कळवा, म्हणून वाचलं. पत्तासुद्धा वाचला, पिनकोडसकट.

"संपलं," ती म्हणाली. "कळलं का आता?"

मी गठ्ठ्याची सुतळी सोडण्यात गुंतल्याचं दाखवत होते, कारण माझंही काही खरं नव्हतं.

"नाही," वहिनी कसंबसं म्हणाली. "परत एकदा वाच ना."

मुलीने कपाळाला हात लावला, आणि मथळ्यापासून पुन्हा सुरुवात केली.