कोरड्या टँकची बॅच

घारपुरेबाईंना फोन केला, की बरोबर तीन मिनिटांनी त्या म्हणत, "झाली तीन मिनिटं. ठेवते." आणि ठेवत. त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात परगावचे ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली होती आणि तो कॉल तीन मिनिटांचा असे. माणसाकडे सांगण्यासारखं जे काही असतं ते तेवढ्या वेळात मावतं, अशी त्यांची खात्री होती. समोरासमोरही हाच नियम असे. त्यांच्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा याविरुद्ध कधी तक्रार केली नाही. करायला वेळ मिळाला नसावा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या पोहण्याच्या टँकवर. गळतीमुळे टँक बंद होऊन वर्ष झालं होतं. फाटकावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती आणि एव्हाना पाटीलाच दुरुस्तीची गरज होती. बाई मात्र रोज सकाळी सहाला पोहण्याची टोपी आणि टॉवेल घेऊन रिक्षाने येत. रखवालदार मारुती लोणी काळभोरचा. तो रोज सांगे, "बाई, आजबी पानी न्हाई."

"ते दिसतंय मला. कधी येणार ते विचारतेय."

"मला काय ठावं?"

"मग ज्याला ठाऊक आहे त्याचं नाव सांगा."

त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. काठी घेऊन पाच-सहा पावलं टाकली, की थांबावं लागे. हृदय कमजोर असल्याने डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. पाण्यात मात्र गुडघे दुखत नसत. त्यामुळे टँक ही त्यांची हौस नव्हती.

वॉर्ड ऑफिसात त्यांना उत्तर मिळालं, की टँकचा वापर होत नाही, म्हणून दुरुस्तीला निधी नाही. पाणी नाही म्हणून वापर नाही, हे बाईंनी सांगून पाहिलं. मग त्या दोनशे पानी रजिस्टर घेऊन टँकवर आल्या. दुसऱ्या दिवसापासून जुनी सहाची बॅच कोरड्या टँकमध्ये भरू लागली. लोकांनी उथळ बाजूच्या पायऱ्यांनी उतरायचं, वीस फेऱ्या चालायच्या, वर येऊन सही करायची. बाई काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत शिट्टी घेऊन बसत. "अहो जोशी, लेन सोडू नका. पाणी नसलं तरी शिस्त आहे." कुणी उशिरा आलं तर म्हणत, "या. आंघोळ करूनच आलात वाटतं? टँकमध्ये उतरण्याआधी करण्याची पद्धत आहे, पण एवढी निवांत नाही."

मी ज्या वर्तमानपत्रात काम करायचो त्यात याची चार ओळींची बातमी आली आणि गर्दी वाढली. ज्यांनी जन्मात पाण्यात पाय घातला नव्हता असे लोक येऊ लागले. वर्षभरात रजिस्टर भरलं. बाईंनी ते वॉर्ड ऑफिसात टेबलावर ठेवलं. वापर सिद्ध झाला. दुरुस्ती मंजूर झाली.

आणि चालणाऱ्यांनी तिला विरोध केला.

कारणं अर्जात व्यवस्थित लिहिली होती. टँकमध्ये रिक्षा येत नाही, कुत्री येत नाहीत, खोल बाजूकडून परत येताना चढही मिळतो. अशी सोय शहरात अन्यत्र नाही. सबब पाणी भरू नये. पहिली सही कानिटकरांची होती. ते बँकेतून निवृत्त झालेले. बाईंच्याच शिट्टीवर त्यांची साखर आटोक्यात आली होती.

वॉर्ड ऑफिसातला अभियंता शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या रजिस्टरातल्याच बहुतेकांना पाणी नकोय. महिनाअखेरपर्यंत आपसात ठरवा. नाहीतर निधी दुसऱ्या वॉर्डात जाईल."

"सगळ्यांना भेटू या का?" मी विचारलं.

"कशाला? कानिटकरांनी सही मागे घेतली, की बाकीचे घेतील. त्यांच्यापैकी कुणी अर्ज वाचलेलाच नाही."

कानिटकर तिसऱ्या मजल्यावर राहत. लिफ्ट नव्हती. मी बरोबर होतो. प्रत्येक पायरीवर बाई दोन्ही पाय आणत, कठडा धरत, श्वास घेत. मी हात पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "तो खिशात ठेवा." दुसऱ्या मजल्यावर एका बिऱ्हाडाने स्टूल आणून दिलं. तोवर वर बातमी गेली होती. कानिटकर दारात येऊन, कठड्यावरून वाकून बघत उभे होते.

"अहो बाई, फोन करायचा होता!"

"फोनवर गुडघे दिसत नाहीत."

शेवटच्या जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. कानिटकरांनी त्या सगळ्या पाहिल्या. बाई वर पोचल्या, तेव्हा त्यांना बोलता येईना. कानिटकर म्हणाले, "वर्षभर आम्हाला चालवलंत, तुम्ही एकदाही खाली उतरला नाहीत. मला वाटायचं, बाईंना हुकूम सोडायला आवडतो."

"तेही आवडतं," बाई श्वास सापडल्यावर म्हणाल्या. "पेन आहे का?"

टँक दुरुस्त व्हायला आणखी एक उन्हाळा गेला. त्यानंतर बाईंना दीड वर्ष पाणी मिळालं. मग एका दुपारी झोपेतच त्या गेल्या. पण मला त्यांची आठवण येते ती टँक उघडला त्या दिवसाची. नारळ फुटला, भाषणं झाली. बाई टोपी घालून शिडीच्या पहिल्या दांडीवर उभ्या होत्या. भाषणं संपायच्या आधीच त्या उतरल्या.

पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी शिडी सोडली आणि पलीकडच्या भिंतीकडे चालू लागल्या. मध्ये थांबल्या नाहीत. भिंतीला हात लावून वळल्या आणि तशाच परत निघाल्या. कानिटकर काठावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते. चौथ्या फेरीला त्यांना राहवलं नाही.

"अहो बाई, एवढा खटाटोप केलात. आता पोहा की!"

बाई त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या. "चालू द्या हो जरा. तीन वर्षांनी चालतेय."